कागद कुणाच्या हातात?

(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



पगार, महागाई भत्ता आणि बोनस यांवर बोलणारे आजच्या सभेत पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतील. माझ्या वाट्याला विषय आला आहे वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्याचा. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "हा संपादक लोकांचा विषय, साचेवाल्याला काय त्याचं?" बोलणाऱ्याचा मला राग नाही. माझी शाळा चौथीला संपली. अग्रलेख वाचताना माझे अजून ओठ हलतात. पण एक गोष्ट मला त्या संपादकांपेक्षाही जास्त कळते, आणि तुम्हालाही कळते. चालतं यंत्र बंद कसं पाडतात, ही ती गोष्ट.

साचा बंद पाडायला विणकराच्या अंगाला हात लावावा लागत नाही. सुताच्या कांड्या आल्या नाहीत की साचा उभा. वीज गेली की साचा उभा. माल उचलणारा व्यापारी फिरकला नाही, की महिन्याभरात खातं बंद. आणि बदलीवाल्याला मुकादमाने नुसतं एवढं म्हटलं, "उद्या येऊ नको", की त्याचं तोंड आपोआप बंद. होय की नाही? तर मंडळी, वर्तमानपत्र हीसुद्धा एक गिरणीच आहे. तिथे सुताच्या जागी कागदाची रिळं असतात, साच्याच्या जागी छापण्याचं यंत्र असतं, आणि व्यापाऱ्याच्या जागी जाहिरात देणारा असतो. बातमीदार हा तिथला कामगार, आणि पुष्कळ ठिकाणी तो बदलीवालाच असतो. ज्याला पत्र बंद पाडायचं आहे तो दर वेळी संपादकाच्या मानेलाच हात घालील असं नाही. तो आधी बघतो, कागद कुणाच्या हातात आहे.

आता जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या घरातली आहे, म्हणून आधी ती.

२४ जून १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना पकडले. कशासाठी? 'केसरी'त लिहिलेल्या लेखांसाठी. खटला हायकोर्टात चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सात जण म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. न्यायाधीश होते दावर. गंमत बघा, १८९७ च्या पहिल्या खटल्यात हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिले होते. त्याच गृहस्थांनी २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगावात काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. एका वर्षाला एक दिवस, या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. लष्कर आणले, गोळ्या चालवल्या, कामगार पडले. परदेशात बसलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेऊन लिहिले.

त्या कामगारांतले किती जण 'केसरी' वाचत होते? फार थोडे. ज्याला अक्षर येई तो चाळीच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. तरीसुद्धा लिहिल्याबद्दल एका संपादकाला शिक्षा झाली म्हणून सहा दिवसांची मजुरी सोडणारे आपलेच आजे-पणजे होते. म्हणून मागच्या रांगेतल्या त्या भावाला माझं सांगणं आहे, की हा विषय साचेवाल्याचा नाही असं म्हणायला आपण शंभरावर वर्षं उशीर केला.

पण इंग्रज नुसता तुरुंग दाखवून थांबला नाही. तो हिशेबी होता. १९०८ च्याच जून महिन्यात त्याने कायदा केला, की चिथावणीचा मजकूर छापला तर छापखानाच सरकारजमा. आणि १९१० साली दुसरा कायदा आणला. नवा छापखाना काढायचा? आधी पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन सरकारात भरा. सरकारला न आवडणारे काही छापले की जामीन गेला. पुन्हा छापायचे तर आणखी मोठा जामीन. त्या काळचे दोन हजार म्हणजे काय रक्कम होती ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. शेटजीला ती परवडे. तालुक्याच्या गावी एक हातयंत्र घेऊन बसलेल्या माणसाला नाही. म्हणजे कायद्याच्या कागदावर सगळे सारखे, आणि मरतो कोण, तर धाकटा. हा कायदा १९२२ साली रद्द झाला, पण ती युक्ती काही मेली नाही. १९१९ साली 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना तर सरकारने थेट बोटीत घालून विलायतेला धाडले. जन्माने इंग्रज, पण लिहिले हिंदी लोकांच्या बाजूने, हा त्यांचा गुन्हा. फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलवरून आपण जातो-येतो, ते याच माणसाचे नाव.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर मी खोटारडा ठरेन. सरकारचा हात दूर झाला म्हणजे पत्र आपोआप सर्वांचे होते, असे नाही. ज्या 'केसरी'साठी कामगारांनी गोळ्या खाल्ल्या, त्याच 'केसरी'ने १९२० साली डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा कुठल्या सरकारने हुकूम काढला नव्हता. पत्र ज्यांच्या हातात होते त्यांचे मन तेवढे होते. म्हणून तर ज्यांचे कुणी छापत नव्हते त्यांनी स्वतःची पत्रे काढली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढला, आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवला. रविवारची सुट्टी आपण आज हक्काची म्हणून घेतो, ती १८९० साली मिळाली. त्यासाठी सभा भरवणारा, अर्जावर सह्या घेणारा माणूस एका पत्राचा संपादक होता, हे विसरू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यालाही स्वतःच्या दैनिकाची गरज पडली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' सुरू केला. ज्याला आवाज पाहिजे त्याला कागद पाहिजे, आणि कागदाला पैसा लागतो. इथेच सगळी गाठ आहे.

तो पैसा कुठून येतो याचा मला आलेला अनुभव सांगतो. नाव घेत नाही, कारण नाव घेऊन उपयोग नाही. तसली पत्रे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. आमच्या सूतगिरणीत वायंडिंगच्या एका बाईची दोन बोटे यंत्रात गेली. यंत्राचे संरक्षक झाकण दोन महिने मोडून पडले होते आणि तक्रार वहीत लिहिलेली होती. बातमीदार आला. पोरगा चांगला होता. त्याने वहीचा फोटो घेतला, बाईच्या नवऱ्याशी बोलला. तिसऱ्या दिवशी पत्रात चार ओळी आल्या, "एका गिरणीत किरकोळ अपघात." गिरणीचे नाव नाही, झाकणाचे नाव नाही, वहीचा पत्ता नाही. आणि त्याच पानावर खाली अर्धे पान भरून आमच्या चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! फेटा बांधलेला हसरा फोटो. मी त्या पोराला गाठला. तो म्हणाला, "दादा, मी सगळं लिहून दिलं होतं, वर कापलं. आणि मी कोणत्या तोंडानं भांडू? मला महिन्याचा पगार नाही. जाहिरात आणली तर तिच्यावर टक्केवारी मिळते, त्यावर घर चालतं." त्याला मी काय बोलणार? ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची त्याच्याच दारात जाहिरातीसाठी हात जोडायचे. आपल्यात मुकादमाला पान-तंबाखू देऊन बदली मिळवायची रीत होती, त्यातलाच हा प्रकार.

आता माझ्या भाषणाचा मुख्य भाग. हा खटला आहे, आणि तो नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे, कारण त्यात आपल्या बाजूचे वाटणारे बोलणे सरकार करत होते, आणि तरी ते हरले हे बरे झाले.

पुण्याचा 'सकाळ' तुम्हाला माहीत आहे. १९३२ साली डॉ. नानासाहेब परुळेकरांनी काढला. १९६० च्या सुमारास रोजचा खप बावन्न हजार, रविवारचा छप्पन्न हजार. किंमत सात नये पैसे. आठवड्यात पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने, म्हणजे सहा दिवसांची चौतीस पाने. रविवारचा अंक निराळा, दहा पानांचा, बारा नये पैशांना.

दिल्ली सरकारने १९५६ साली एक कायदा केला होता, आणि १९६० साली त्याखाली हुकूम काढला. हुकूम असा, की अमुक पानांचे पत्र अमुक किमतीलाच विकले पाहिजे. पाने जास्त तर किंमत जास्त. कायद्यात जाहिरातीची जागाही सरकारने ठरवावी अशी सोय होती. 'सकाळ'चा हिशेब काय झाला? चौतीस पाने द्यायची तर सातचे आठ नये पैसे करा. सातलाच विकायचे असेल तर चौतिसाची चोवीस पाने करा. एक नया पैसा म्हणजे काय मोठे, असे म्हणाल. महिन्याचे सव्वीस अंक धरा, पाव रुपया झाला. त्या काळी पाव रुपयासाठी घरात नवरा-बायकोचे भांडण होत असे. आठ पैसे झाले की निम्मी चाळ शेजाऱ्याचा अंक मागून वाचणार. चोवीस पाने केली की आधी काय कापले जाणार? मंत्र्याचे भाषण नाही कापणार. बाजारसमितीतली लबाडी, गावच्या धरणाची रड, गिरणीच्या गेटवरची सभा, हेच कापणार.

सरकारचे म्हणणे काय होते, तेही प्रामाणिकपणे ऐका. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ ते १९५४ पर्यंत पहिल्या प्रेस कमिशनने काम केले. कमिशनच्या पुढे हे दुखणे आले होते, की मोठ्या भांडवलाची पत्रे जाहिरातीच्या पैशावर जाडजूड अंक स्वस्तात विकतात आणि धाकट्या पत्रांचा गळा घोटतात. त्यावर पान आणि किंमत बांधून द्या, हा उपाय सुचवला गेला. दुखणे खरे होते. मोठी गिरणी तोट्यात माल विकून लहान कारखान्याला कशी खाते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ऐकताना मला वाटले असते, की हा हुकूम आपल्याच फायद्याचा.

पण बघा, औषधाचा चमचा कुणाच्या हातात राहिला? सरकारच्या. आज हुकूम काढला सहा पानांचा, उद्या चारचा काढील. ज्या पत्राने मंत्र्याला धारेवर धरले त्याचा खप घटवायचा तर त्याला पकडायला नको, त्याचे तक्ते बदलले की झाले. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला म्हणतात, तो 'सकाळ' काही करोडपतीचे पत्र नव्हता. शेटजीला आठ पैसे झाले काय आणि दहा झाले काय, तो दुसऱ्या धंद्यातून भरून काढील. मोठ्याला आवरायला काढलेला हुकूम पहिला कुणाच्या मानेवर बसला, तर पुण्याच्या एका मराठी पत्राच्या.

'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्या जोडीला दोन वाचकांनीही स्वतःचे अर्ज केले, हे मला फार आवडते. मालक भांडतो त्यात नवल नाही, त्याचा धंदा आहे. पण सात पैशांचा अंक घेणारा वाचक दिल्लीच्या कोर्टात जाऊन म्हणतो, की माझ्या वाचण्याला कात्री लावू नका!

२५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीश बसले होते, निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांचे. माझ्या अडाणी भाषेत त्याचे सार सांगतो. धंद्याला लोकहितासाठी लगाम घालता येतो, घटनेत तशी सवलत आहे. पण बोलण्या-लिहिण्याला लगाम घालायचा तर घटनेने कारणे मोजून दिली आहेत, आणि दुसऱ्या पत्राचा खप वाढावा हे कारण त्या यादीत नाही. पाने किती छापावी, किती लोकांपर्यंत जावे, हासुद्धा बोलण्याचाच भाग आहे. खप तोडला म्हणजे बोलणे तोडले. एकाचे बोलणे कापून दुसऱ्याला बोलायला जागा करून देता येणार नाही. कायद्याचे ते कलम आणि हुकूम, दोन्ही रद्द झाले.

मला विचाराल तर निकाल बरोबर होता, पण दुखणे तसेच राहिले. मोठ्याने धाकट्याला खाणे थांबले नाही. कोर्टाने सरकारचा चमचा काढून घेतला, रोग्याला दुसरे औषध कुणी दिले नाही. हे आपल्या पुढाऱ्यांनीही कधी मनावर घेतले नाही, ते नेहमी निकालाच्या अर्ध्यावरच टाळ्या वाजवतात.

पुढचे चटकन सांगतो. १९७२ साली सरकारने पुन्हा कागदावरूनच हात घातला. छपाईचा कागद बहुतेक परदेशातून यायचा. आपल्या खानदेशाच्या पलीकडे बुऱ्हाणपूरजवळ नेपानगरला कागदाची गिरणी निघाली होती, पण देशाची भूक तेवढ्याने भागत नव्हती. म्हणून कागद कोट्याने मिळे. त्या वर्षीच्या धोरणात दहा पानांची मर्यादा घातली. आपल्याच कोट्यातला कागद वाचवून जास्त पाने काढीन म्हटले तरी परवानगी नाही. तेही त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने मोडून काढले.

मग आले १९७५. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावर एका ओळीने छापखाने आहेत. त्या रात्री त्यांची वीज तोडली. संपादकाला नोटीस नाही, कोर्ट नाही, खटला नाही. बटण खाली. रात्रपाळीचा कामगार यंत्रापाशी अंधारात उभा. दुसऱ्या दिवशी 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' निघाले, ते शूर होते म्हणून नाही, तर त्यांच्याकडे वीज दुसऱ्या खात्याची येत होती म्हणून! ती तोडायला साहेब विसरले. देशाचे वृत्तपत्रस्वातंत्र्य त्या रात्री कुठल्या खांबावरून तार आली आहे यावर ठरले. हे ऐकून मला हसू आले होते, आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

पुढे रोजचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा, असे सुरू झाले. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही तो अग्रलेख वाचता आला. १९७६ च्या फेब्रुवारीत चारही वृत्तसंस्था एकात कोंबून 'समाचार' नावाची एकच संस्था केली, म्हणजे चार नळ बंद करून एकच तोटी, आणि तोटी सरकारच्या हातात. पण सगळेच वाकले असे नाही. साने गुरुजींनी काढलेल्या 'साधने'ने त्या काळात विरोध सोडला नाही. आणि मुंबईतून 'फ्रीडम फर्स्ट' नावाचे लहानसे मासिक निघे, मिनू मसानी त्याचे संपादक. सेन्सॉरने लेख अडवले तर ते गप्प बसले नाहीत, मुंबई हायकोर्टात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जिंकले. न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी सांगितले, की सरकारवर टीका केली एवढ्यावरून सेन्सॉरला मजकूर कापता येत नाही. मसानींचे राजकारण आपल्या कामगारांच्या राजकारणाच्या उलट टोकाचे होते. पण ज्याचे मत पटत नाही त्याचा छापखाना बंद पडला तर आपला पुढच्या आठवड्यात बंद पडेल, एवढे गणित चौथी शिकलेल्यालाही येते.

आता आजचे बोलू. आज वीज कुणी तोडत नाही, कागदाचा कोटाही नाही. मग भीती कुठे आहे? ती बातमीदाराच्या पगारात शिरली आहे. आणि इथे आपण युनियनवाल्यांनी कान उघडे ठेवले पाहिजेत.

१९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. कामाचे तास, ग्रॅच्युइटी, नोटीस, वेतन मंडळ, सगळे त्यात आले. मालक लगेच सुप्रीम कोर्टात गेले. काय म्हणाले असतील? पत्रकारांना पगार बांधून देणे हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावर घाला आहे! म्हणजे स्वातंत्र्य मालकाच्या तिजोरीचे. १९५८ साली कोर्टाने कायदा मुख्यतः कायम ठेवला. पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय मात्र रद्द केला, कारण पत्रांची देण्याची ऐपत मंडळाने बघितली नव्हती. अगदी अलीकडे मजिठिया वेतन मंडळ आले, सरकारने ते २०११ साली लागू केले. मालक पुन्हा कोर्टात. २०१४ साली हरले. तरी पैसे देईनात. कर्मचारी अवमानाची अर्जी घेऊन गेले, आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की कंत्राटी माणसालाही हे वेतन लागू आहे, कमी पगाराला मी राजी आहे असे लिहून घेतले तरी त्याने मंडळाचा पगार बुडत नाही. किती जणांच्या हातात तो पगार पडला? ओळखीचा पत्रकार असेल तर खाजगीत विचारा. चारचौघात तो सांगणार नाही. आणि २०२० साली संसदेने ज्या नव्या कामगार संहिता मंजूर केल्या, त्यांतल्या एकीने हा १९५५ चा वेगळा कायदाच मोडीत काढला. आपले कायदे गेले म्हणून आपण ओरडलो, त्यात पत्रकाराचाही कायदा होता हे त्याच्याच पत्राने धडपणे छापले नाही.

कायम नोकरीचा कामगार जॉबरला उलट बोलू शकतो. बदलीवाला नाही बोलू शकत. तसेच हे आहे. ज्याची नोकरी उद्याच्या फोनवर आहे, तो आज काय लिहील? आणि मग जागा रिकामी राहते तिथे विकतची बातमी येते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली, शब्दाला शब्द एकच, पत्रे निराळी! प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली, त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने तो अहवाल पुरता प्रसिद्ध केला नाही. माहिती आयोगाने आदेश दिल्यावर २०११ साली तो लोकांपुढे आला. पत्रांच्या चौकीदारानेच पत्रांवरचा अहवाल झाकून ठेवला, याला काय म्हणावे?

एक नाव घेऊन पुढे जातो. आपल्यातले निम्मे लोक कोकणातले, राजापूर तुम्हाला परके नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी शशिकांत वारिशे या पत्रकाराची बातमी छापून आली, रिफायनरीच्या जमिनीच्या वादातली. त्याच दिवशी राजापुरात त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदला. पत्रकारांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, असा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता. कायदा होता आणि माणूस गेला. तालुक्याच्या पत्रकाराच्या मागे मोठा मालक नसतो, वकील नसतो, बहुतेकदा युनियनही नसते. त्याच्या मागे असतात ती त्याच्या बातमीतली माणसे. बागायतदार, मच्छीमार, कामगार. ती उभी राहिली तर तो उभा.

म्हणून मी नुसते बोलून जात नाही. ठराव मांडतो. ही सभा ठरवते की आपल्या युनियनच्या ऑफिसात पहिल्या तारखेपासून वाचनालय सुरू व्हावे, त्यात सरकारच्या बाजूचे एक, विरोधातले एक आणि आपल्या जिल्ह्यातले एक अशी तीन पत्रे रोज, पैसे देऊन, विकत घ्यावीत. फुकट येणारा अंक घेऊ नये, कारण त्याचे पैसे दुसऱ्या कुणीतरी दिलेले असतात. दर कामगाराने महिन्याला पाच रुपये द्यावेत. गिरणीतला अपघात, पगाराची थकबाकी, सोसायटीचा घोटाळा, यांच्या बातम्या युनियनने सहीशिक्क्यानिशी, वहीच्या नकलेसह पत्रांना द्याव्यात, म्हणजे बातमी कापली तर काय कापले ते आपल्यापाशी लिहिलेले राहील, आणि ते गेटवरच्या फळ्यावर लागेल. जिल्ह्यातल्या पत्रकारांची वेतन मंडळाची थकबाकी हा आपल्या कामगार आघाडीच्या मागण्यांत धरावा, आणि ते ज्या दिवशी धरण्याला बसतील त्या दिवशी आपली दुसरी पाळी सुटल्यावर निदान शंभर माणसे तिथे जावीत.

ठरावाला अनुमोदन द्यायला वायंडिंग खात्यातल्या ताई येत आहेत. मघाशी मी जिच्या बोटांची गोष्ट सांगितली तीच ही बाई. चार ओळींत जे छापलं नाही ते ती स्वतः सांगणार आहे. माईक थोडा खाली करा.